टेपच्या तारा कशा ओळखाव्या



आपण अक्षरे शिकायला बसलो, तेव्हा एक चूक बहुतेक सर्वांची होत असे. 'घ' आणि 'ध' ही अक्षरे सारखीच वाटत. पुस्तकात 'घर' असे, आणि आपण 'धर' वाचत असू. मग आपण काय केले? अंदाज सोडला. डोक्यावरची रेघ कुठे मोडते ते नीट पाहिले. मगच अक्षराचे नाव घेतले.

गाडीतल्या तारांचेही असेच आहे. गाडीत टेप बसवायला पुढची फळी उघडली, की आत तारांचा गुंताडा दिसतो. लाल, काळी, हिरवी, तपकिरी. कोणती तार कशाची, हे तोंडाने कोणी सांगत नाही. पुष्कळ लोक रंग बघून अंदाज करतात. अंदाज चुकला, तर काय होते? आमच्या गावात घडले ते आधी सांगतो.

१. जीप चालू होईना

आमच्या गावात वडापची एक जीप होती. सकाळी तालुक्याला माणसे न्यायची, संध्याकाळी परत आणायची. जीपवाल्या पोराने बाजारातून नवा टेप आणला. हल्लीच्या टेपात कॅसेट नसते, छोट्या कांडीतून गाणी वाजतात. पण गावात त्याला टेपच म्हणतात. आपणही तेच म्हणू.

जीपमध्ये पूर्वीचा टेप काढलेला होता. त्याच्या तुटक्या तारा आत लोंबत होत्या. पोराने लाल तारेला लाल जोडली, काळीला काळी जोडली. टेपची एक पिवळी तार उरली. जीपमध्ये पिवळी तार दिसेना. तेव्हा त्याने तीही लाल तारेतच पिळून टाकली. टेपच्या डब्यात एक कागद होता. तो कागद डब्याबरोबर उकिरड्यावर गेला.

टेप वाजू लागला. किल्ली काढून घेतली तरी वाजतच राहिला. पोराला त्याचे कौतुकच वाटले. "गुरुजी, किल्लीबिगर वाजतोय बघा!" असे तो आम्हांला सांगत आला. आम्हीही मान डोलावली. आम्हांला तरी त्यातले काय कळत होते?

आषाढ महिना होता. पावसाची झड लागली. दोन दिवस जीप दारातच उभी राहिली. पोराने टेपचा आवाज अगदी बारीक केला होता. ऐकू येत नाही, म्हणजे टेप बंद, असे तो समजला.

तिसऱ्या रात्री गावातल्या एका बाईला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण होती. रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेली होती. लोक जीपकडे धावले. पोराने किल्ली फिरवली. खट् असा आवाज झाला आणि पुढे काही नाही. दिवा लावला, तो काजव्यासारखा मिणमिणला. बॅटरी उतरली होती.

आठ माणसांनी चिखलात जीप ढकलली. उतारापर्यंत नेली, तेव्हा कुठे ती चालू झाली. पाऊण तास वाया गेला. देवाच्या दयेने बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण तो पाऊण तास आम्ही कोणीच विसरलो नाही. तिची सासू जीपच्या चाकाला हात लावून रडत होती, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

दोन दिवसांनी तालुक्याहून वायरिंगचा मिस्त्री आला. त्याने फळी उघडली, तारा पाहिल्या आणि हसला. "गुरुजी, रंगावर जाऊ नये. रंग कंपनीचा, पारख आपली," असे तो म्हणाला. आम्ही वही घेऊन त्याच्याजवळ बसलो. त्याने जे दाखवले, ते लिहून घेतले. तेच या पाठात देत आहोत.

२. बॅटरी कशी उतरली? हिशेब करू

बॅटरीवर एक आकडा छापलेला असतो. समजा, तो ६० आहे. त्याचा अर्थ असा, की ती १ अँपिअर वीज सुमारे ६० तास देईल. अँपिअर म्हणजे विजेच्या धारेचे माप. पाण्याची धार बारीक की मोठी, तसेच हे.

चालू राहिलेला टेप १ अँपिअर ओढतो असे धरू. आवाज बारीक केला तरी आतले काम चालूच असते. दोन दिवस म्हणजे ४८ तास.

१ × ४८ = ४८
६० − ४८ = १२

म्हणजे १२ उरले. बॅटरी जुनी असेल, तर मुळात ६० नसतातच. इंजिन फिरवायला एकदम शेकडो अँपिअरचा जोर लागतो. असल्या बॅटरीत तो कोठून येणार? चूक एका तारेची, पण गाडी जागच्या जागी बसली.

३. टेपला कोणत्या तारा असतात?

टेपच्या मागे तारांचा झुपका असतो. बहुतेक टेपांत त्यांचे रंग ठरलेले असतात. ते असे :

पिवळी : कायमची वीज. किल्ली नसतानाही हिच्यात वीज लागते. घड्याळ आणि लावलेली रेडिओ-केंद्रे टेपच्या ध्यानात राहावीत, म्हणून ही तार आहे. ती वीज फार थोडी लागते.
लाल : किल्लीची वीज. किल्ली फिरवली की यावी, किल्ली काढली की जावी.
काळी : अर्थ. ही गाडीच्या लोखंडी अंगाला जोडतात.
निळी : वर सरकणाऱ्या एरियलची, किंवा वेगळा अँप्लिफायर चालू करण्याची.
नारिंगी : काही टेपांत असते. गाडीचे दिवे लावले, की टेपच्या बटणांच्या उजेडासाठी.

मग स्पीकरच्या चार जोड्या असतात. पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची. प्रत्येक जोडीत एक तार साधी असते. ती प्लस. दुसरीवर काळी रेघ असते. ती मायनस.

हे झाले टेपच्या तारांचे रंग. टेपच्या पाठीवर किंवा कागदावर तसे छापलेले असते. अक्षरे इंग्रजी असतात. आपल्याला ती येत नसतील, तर शाळेत जाणाऱ्या पोरापोरींकडून वाचून घ्यावी. त्यात लाज नाही. मात्र कागद फेकू नये.

आता मुख्य गोष्ट. हे रंग टेपचे आहेत, गाडीचे नव्हेत. गाडीच्या तारांचे रंग प्रत्येक कंपनीचे निराळे. एका गाडीत काळी तार अर्थ असेल, दुसऱ्या गाडीत तपकिरी असेल. शिवाय जुन्या गाडीत आजवर कितीकांनी हात घातलेला असतो. कोणी हाताशी असेल त्या रंगाची तार जोडलेली असते. म्हणून लालला लाल जोडणे हे शिक्षण नव्हे. जीपची लाल तार कायमच्या विजेची होती. टेपची लाल तिच्यात गेली, म्हणून टेप बंद होईना.

४. कामाआधीची तयारी

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते. घरची वीज २३० व्होल्टची. बारा व्होल्टचा सहसा झटका बसत नाही. म्हणून लोक निर्धास्त असतात. पण बॅटरीची प्लस तार उघड्या लोखंडाला टेकली, तर एकदम फार मोठी धार वाहते. तार क्षणात लाल होते, तिचे आवरण पेटते. गाड्या जळतात त्या अशाही जळतात. हातातली अंगठी किंवा कडे मध्ये आले, तर तेही तापते आणि कातडी भाजते. म्हणून :

(१) अंगठी, कडे, मनगटी घड्याळ काढून ठेवा.

(२) किल्ली काढा. बॅटरीची मायनस तार आधी सोडा. मायनसच का? गाडीचे सगळे लोखंड मायनसला जोडलेले असते. प्लस सोडताना पाना लोखंडाला लागला, तर ठिणगी उडते. मायनस सोडताना पाना लागला, तर काही होत नाही.

(३) आतल्या तारांची टोके एकमेकींपासून दूर करा. प्रत्येक तारेला कागदी चिठ्ठी चिकटवा आणि आकडा घाला. १, २, ३ असे. तोच आकडा वहीत लिहा, आणि पुढे रंग लिहा. आपण लिहायला शिकलो आहोत, ते असल्या वेळीच कामी येते.

(४) ट्रक किंवा मोठी बस असेल, तर आधीच थांबा. त्यांत पुष्कळदा दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. १२ व्होल्टचा टेप सरळ जोडला, तर जळून जाईल.

(५) नव्या मोटारींत एअरबॅग असते. अपघात झाला की ती फुगून माणसाला वाचवते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली. तिच्या तारांवर किंवा जोडावर बहुधा पिवळे आवरण असते. त्या तारांना हात लावू नका. दिवा लावून पाहू नका. अशा गाडीचे काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे.

५. पारखण्याचा दिवा

घरच्या विजेचा टेस्टर आपल्याला ठाऊक आहे. मुठीत धरतात, आत बारीक लाल दिवा लागतो. तो टेस्टर गाडीत चालत नाही. १२ व्होल्टवर तो पेटतच नाही. तारेत वीज असते, आणि आपण म्हणतो, वीज नाही! हा धोका ध्यानात ठेवा.

गाडीसाठी १२ व्होल्टचा छोटा बल्ब घेतात. त्याला दोन तारा जोडतात. एका तारेला चिमटा, दुसरीला टोकदार सळी. हा झाला पारखण्याचा दिवा. हा दिवा घरच्या विजेला कधी लावू नये. ज्याच्याकडे मीटर आहे, त्याने मीटर वापरावा. तो जास्त चांगला. नव्या गाड्यांत तर मीटरच वापरावा.

दिवा आधी बॅटरीच्या दोन टोकांना लावून पाहा. पेटला, म्हणजे दिवा चांगला आहे. फुटका दिवा घेऊन तारा तपासू लागलात, तर सगळ्याच तारा मेलेल्या वाटतील.

६. एकेक तार ओळखा

आता बॅटरीची मायनस तार पुन्हा जोडा. तारांची टोके एकमेकींना किंवा लोखंडाला लागत नाहीत ना, ते पाहा. दिव्याचा चिमटा गाडीच्या लोखंडी अंगाला लावा. रंग खरवडलेली, स्वच्छ जागा हवी. मग सळी एकेका तारेच्या टोकाला लावा.

कायमची तार : किल्ली काढलेली आहे, दिवे बंद आहेत. तरीही दिवा पेटला. ही कायमची तार.

किल्लीची तार : किल्ली नसताना दिवा पेटला नाही. किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवली, पेटला. किल्ली मागे घेतली, विझला. दोनदा करून पाहा. ही किल्लीची तार.

दिव्यांची तार : किल्लीने काही झाले नाही. पण गाडीचे दिवे लावले तेव्हा पेटला, बंद केले तेव्हा विझला. ही दिव्यांची तार.

अर्थची तार : हिची परीक्षा उलटी. चिमटा बॅटरीच्या प्लसला लावा आणि सळी तारेला. दिवा लख्ख पेटला, तर ती अर्थची असू शकते. पण येथे फसू नका. दिव्यांची तारही बल्बांतून फिरून अर्थला जाते, तेव्हा तीही दिवा पेटवू शकते. म्हणून आमचा मिस्त्री या भानगडीत पडला नाही. त्याने टेपच्या काळ्या तारेला नवी तार जोडली आणि ती गाडीच्या लोखंडी अंगावरच्या नट-बोल्टखाली घट्ट दाबली. खात्रीची अर्थ झाली.

स्पीकरच्या तारा : वरच्या सर्व परीक्षा झाल्या, आणि काही तारांत वीज कधीच आली नाही. त्या स्पीकरच्या असण्याचा संभव आहे. आता बॅटरीची मायनस तार पुन्हा सोडा. भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. दोन उरलेल्या तारा सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. स्पीकरमधून 'टक्' आवाज आला, तर जोडी जुळली. आवाज आला नाही, तर दुसरी तार घेऊन पाहा. कोणत्या स्पीकरमधून आवाज आला, ते वहीत लिहा.

प्लस-मायनसही याच सेलने कळते. सेल टेकवताना स्पीकरचा कागदी पडदा बाहेर आला, तर सेलच्या प्लसला लागलेली तार ही स्पीकरची प्लस. पडदा आत गेला, तर उलटे. एक स्पीकर सुलटा आणि दुसरा उलटा जोडला, तर ढोलकीचा घुमारा मारला जातो, आवाज पोकळ लागतो.

स्पीकरची कोणतीही तार गाडीच्या लोखंडाला जोडू नका. हल्लीच्या टेपात ते चालत नाही. टेपच बिघडतो. फार जुन्या गाडीत स्पीकरला एकच तार असते आणि दुसरे टोक लोखंडाला असते. तेथे दोन्ही तारा नव्या ओढाव्या.

मिस्त्रीने सांगितल्याप्रमाणे आमच्या वहीत असे लिहिले गेले :

तार १. लाल. किल्ली नसताना दिवा पेटला. कायमची.
तार २. हिरवी. किल्लीने पेटला, किल्ली काढताच विझला. किल्लीची.
तार ३. पांढरी. गाडीचे दिवे लावल्यावर पेटला. दिव्यांची.
तार ४ आणि ५. दोन्ही तपकिरी. सेल लावल्यावर डाव्या स्पीकरमध्ये टक्.
तार ६ आणि ७. दोन्ही निळ्या. उजव्या स्पीकरमध्ये टक्.

पाहा, किल्लीची तार हिरवी निघाली! टेपची लाल तार जीपच्या हिरवीला जोडायची होती. रंगाने हे कोणाला कळले असते?

७. जोडणी

बॅटरी सोडलेलीच असू द्या. आता जोडा. टेपची पिवळी, गाडीच्या कायमच्या तारेला. टेपची लाल, किल्लीच्या तारेला. काळी, अर्थला. स्पीकर आपापल्या जोडीने.

पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली, तर टेप दर वेळी घड्याळ आणि केंद्रे विसरतो. दोन्ही कायमच्या तारेला गेल्या, तर बॅटरी उतरते. जीपचे तेच झाले होते.

ज्या तारेचे काम नाही, तिचे टोक उघडे सोडू नका. टेपची निळी तार पुष्कळ वेळा रिकामी राहते. तिच्यातून वीज बाहेर येते. प्रत्येक रिकाम्या टोकाला वेगळी काळी टेप गुंडाळा. सगळी टोके एकत्र बांधू नका.

जोड घट्ट पिळा, त्यावर टेप गुंडाळा. लोखंडाच्या भोकातून तार न्यायची असेल, तर भोकाला रबरी कडी घाला. नाही तर हादऱ्याने आवरण कापले जाते. तार स्टिअरिंगच्या किंवा ब्रेकच्या आड येऊ देऊ नका.

फ्यूज विसरू नका. फ्यूज म्हणजे विजेचा राखणदार. धार फार वाढली, की फ्यूज स्वतः जळतो आणि गाडी वाचवतो. टेपवर १० अँपिअर लिहिले असेल, तर फ्यूज १० चाच घाला. सारखा जळतो म्हणून काही लोक तांब्याची तार नाही तर सिगारेटची चांदी घालतात. हे राखणदाराला बांधून दार उघडे टाकण्यासारखे आहे. फ्यूज जळला, तर त्याच्यावर रागावू नये. चूक कोठे आहे ते शोधावे.

शेवटी बॅटरीची मायनस तार जोडा. प्लस तार सोडली असेल, तर आधी प्लस, मग मायनस. टेप वाजवण्याआधी हॉर्न, दिवे, वळणाचे दिवे, वायपर चालतात का ते पाहा. मग टेप लावा. किल्ली काढा. टेप बंद झाला पाहिजे. ही शेवटची परीक्षा.

जीपमध्ये टेप नीट बसला, तेव्हा पोराने किल्ली काढली. टेप गप्प झाला. पोरगा खाली बघत म्हणाला, "गुरुजी, त्या दिवशी किल्लीबिगर वाजत होता, तेव्हाच तुम्ही मला अडवायला पाहिजे होतं." आम्ही म्हणालो, "अरे, आम्हांलाही कुठे कळत होतं? नुसती मान डोलावली, ही आमची चूक." मिस्त्री म्हणाला, "न कळलं तर विचारावं, गुरुजी. विचारायला पैसे पडत नाहीत."

वाचकहो, ही गोष्ट नुसत्या टेपची नाही. औषधाची बाटली, फवारणीचा डबा, कर्जाचा कागद, या सर्वांना ती लागू आहे. रंगावरून, आकारावरून ओळखू नका. वाचून पाहा, पारखून पाहा. मगच हात घाला.

लक्षात ठेवा

गाडीच्या तारेचा रंग म्हणजे तिचे नाव नव्हे.
सोडताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी.
घरचा टेस्टर गाडीत चालत नाही.
पिवळ्या आवरणाच्या एअरबॅगच्या तारांना हात नको.
फ्यूजच्या जागी तार नको, चांदी नको.

प्रश्न

१. जीपची बॅटरी का उतरली?
२. कायमची तार आणि किल्लीची तार यांत फरक काय?
३. बॅटरीची मायनस तार आधी का सोडावी?
४. बॅटरीवर ८० आकडा आहे. टेप १ अँपिअर ओढतो. तो ३ दिवस चालू राहिला. किती उरले?
५. आपल्या घरात अंदाजाने वापरतात अशा दोन वस्तू लिहा. त्यांवर काय छापले आहे, ते वाचून वहीत उतरवा.